पंचवीस गुणांचे पाणी

परीक्षा जवळ आली की कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एक मागणी हमखास वाढते. ‘ईव्हीएसचा प्रोजेक्ट मिळेल का?’ दुकानदार उलट विचारतो, ‘कशावर देऊ? पाणी, कचरा, की जंगल?’ मागच्या वर्षीच्या, कधी त्याच्याही मागच्या वर्षीच्या वहीची प्रत निघते. वर नवे नाव आणि नवा हजेरी क्रमांक येतो, प्लॅस्टिकचे कव्हर चढते आणि पर्यावरण अभ्यासाचे ‘क्षेत्रकार्य’ पूर्ण होते. क्षेत्र म्हणजे शिवार, ओढा, डोंगर, वस्ती. यांपैकी कुठेही विद्यार्थ्याचे पाऊल पडलेले नसते.

सगळीकडे असेच चालते असे नाही. मुलांना घेऊन नदीकाठी जाणारे, झाडांची मोजणी करणारे, गावच्या तलावाचा नकाशा काढायला लावणारे प्राध्यापक महाराष्ट्रात आहेत. पण ते स्वतःच्या हौसेने हे करतात. व्यवस्था त्यांच्याकडून त्याची अपेक्षा करत नाही आणि न करणाऱ्याला जाबही विचारत नाही.

यात बिघडते काय, असे कुणी विचारेल. एक उदाहरण घेऊ. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. अशा गावातून कॉलेजला येणारा मुलगा ‘फ्लोराइडच्या अतिरेकाने दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे पडतात’ हे वाक्य वहीत उतरवू शकतो, पाठ करू शकतो, त्यावर दोन गुणही मिळवू शकतो. तसेच पट्टे त्याच्या स्वतःच्या दातांवर असतात. दात घासत नाहीस का, तंबाखू खातोस का, असे लहानपणापासून त्याने ऐकलेले असते. हसताना तोंडावर हात धरायची सवय लागलेली असते. तरीही वहीतले वाक्य आणि आपले दात यांची गाठ त्याच्या मनात पडत नाही. घरी धाकटी बहीण त्याच बोअरचे पाणी पीत असते. तिचे पक्के दात अजून हिरडीच्या आत घडत असतात, म्हणजे ती अजून वाचू शकते. पण ते घरात कुणाला माहीत नसते. नैसर्गिक संसाधनांचा अभ्यास नापास होतो तो इथे. गुणपत्रिकेवर त्याची नोंद होत नाही.

हा विषय कॉलेजात आला तो कुणाच्या हौसेखातर नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी आदेश दिला. पर्यावरणाची माहिती लोकांपर्यंत पोचावी म्हणून चित्रपटगृहांत पाटी दाखवण्यापासून ते शाळा-कॉलेजांत हा विषय सक्तीचा करण्यापर्यंत अनेक गोष्टी त्यात होत्या. बारा वर्षे गेली तरी हालचाल नव्हती. २००३च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने पुन्हा बजावले, तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणला. त्यासाठीचे पाठ्यपुस्तक लिहिले पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी. ते मूळचे शल्यचिकित्सक. निसर्गसंवर्धनाचे पुस्तक एका सर्जनने लिहावे हा योगायोग म्हणून सोडून द्यावा असा नाही.

त्या अभ्यासक्रमाची रचना पाहण्यासारखी आहे. एकूण आठ घटक आणि पन्नास तास. पंचेचाळीस तास वर्गात, पाच तास बाहेर. शंभरपैकी पंचाहत्तर गुण लेखी परीक्षेला आणि पंचवीस क्षेत्रकार्याला. जंगल, पाणी, खनिजे, अन्न, ऊर्जा आणि जमीन ही संसाधने दुसऱ्याच घटकात येतात. त्यामागोमाग परिसंस्था, जैवविविधता, प्रदूषण. मानवी लोकसंख्या आणि आरोग्य यांनाही जागा आहे. पुढे २०२३ मध्ये नव्या शैक्षणिक धोरणाला धरून आयोगाने नवी चौकट दिली, चार क्रेडिट ठेवली, हवामानबदल आणि कचरा व्यवस्थापन ठळकपणे घेतले, वर्गाबाहेरच्या कामावरही भर दिला. कागदावर उणे काढावे असे फारसे काही नाही. गळती आहे ती त्या पाच तासांत आणि पंचवीस गुणांत.

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जे दिसते त्यातले बरेचसे या अभ्यासक्रमाच्या पानांवर असते. पाण्यापासूनच सुरुवात करू. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे. कठीण खडकात खोल साठलेले पाणी खडकाच्या सहवासात फार काळ राहते, तेव्हा खडकातले फ्लोराइड त्यात उतरते. उथळ विहिरीत दरवर्षी पावसाचे ताजे पाणी येत असल्याने तिथे ते सहसा कमी असते. आता पुढची साखळी जोडून पाहा. उपसा वाढला, विहिरी आटल्या, गाव बोअरवर गेले. बोअर दोनशे फुटांवरून चारशेवर गेली. पाणी मिळाले, पण त्यासोबत दातांचे डाग आले. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी गुडघे आणि कंबर आखडलेले रुग्ण येऊ लागले. जमिनीतल्या पाण्याचे संवर्धन हा शेतीइतकाच हाडांचाही प्रश्न आहे, आणि एकदा वाकलेले हाड औषधाने सरळ होत नाही.

नायट्रेटचे असेच. रासायनिक खतांचा मारा, उकिरडा आणि शोषखड्डा विहिरीला लागून, यामुळे ते पाण्यात वाढते. मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला चटकन काही जाणवत नाही. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचे दूध अशा पाण्यात कालवून दिले तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि बाळ निळसर पडू शकते. घरोघरी समजूत अशी की पाणी उकळले म्हणजे सगळे निघून जाते. उकळल्याने जंतू मरतात. फ्लोराइड आणि नायट्रेट मात्र तिथेच राहतात, उलट पाणी आटल्याने थोडे दाटच होतात. ही एवढी गोष्ट पदवी घेऊन घरी गेलेल्या प्रत्येक मुलाने आणि मुलीने आईला सांगितली, तरी अभ्यासक्रमाचा खर्च वसूल होईल.

संवर्धन म्हटले की वाघ, हत्ती, अभयारण्य डोळ्यांसमोर येते आणि त्याचा आपल्या प्रकृतीशी संबंध काय असे वाटते. गिधाडांनी याचे उत्तर दिले आहे. नव्वदच्या दशकात भारतातली गिधाडे झपाट्याने मेली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या तर ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ मध्ये कळले. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलेले डायक्लोफिनॅक त्यांच्या मांसात उरत होते आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. हेच औषध माणसांना कंबरदुखीसाठी घरोघरी माहीत आहे. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसांसाठीच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत होत्या, म्हणून २०१५ मध्ये त्याही बंद करून एका मात्रेपुरत्या ठेवाव्या लागल्या.

दरम्यान मेलेली जनावरे गावाबाहेर कुजत पडली, पाण्यात मिसळली आणि भटक्या कुत्र्यांना आयते अन्न मिळाले. २०२४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी, एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी, जिथे पूर्वी गिधाडे भरपूर होती आणि जिथे नव्हती अशा जिल्ह्यांची मृत्युसंख्या ताडून पाहिली. त्यांचा अंदाज असा की २००० ते २००५ या काळात भारतात गिधाडे गेल्यामुळे सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू झाले. हा अंदाज आहे, मोजदाद नाही, हे ध्यानात ठेवूनही त्याचा अर्थ पुरेसा स्पष्ट आहे. गिधाड हा गावाचा फुकटचा सफाई कामगार होता. तो गेल्यावर त्याच्या कामाचा हिशेब लागला. कुत्रा चावल्यावर लस घ्यायला रांगेत उभ्या असलेल्या माणसाला या गोष्टीशी आपले काही नाते असेल असे वाटतही नाही.

तिसरे उदाहरण कोकणातले. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाच्या परिसरात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडली. गोचिडीमार्फत पसरणारा हा विषाणू. सिंधुदुर्गात त्याला माकडताप म्हणतात, कारण २०१६पासून तो दोडामार्ग आणि सावंतवाडीच्या भागात आला. लागण झालेल्या शंभरांतले साधारण तीन ते पाच रुग्ण दगावतात आणि विषाणूवर नेमके औषध नाही. हंगाम साधारण डिसेंबर ते मे-जून. नेमका काजूचा. बी वेचायला बागेत आणि जंगलाच्या कडेला माणसे याच दिवसांत जातात. जंगलतोड आणि जंगलाला खेटून वाढलेल्या बागा-वस्त्या यांच्याशी अभ्यासक या रोगाचा संबंध जोडतात. इथे पहिली सूचना मेलेले माकड देते. ते कुणी पाहिले, कुणी कळवले, त्यावर पुढची धावपळ अवलंबून. या पट्ट्यातल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना मेलेल्या माकडाला हात लावायचा नाही, आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला लगेच कळवायचे, हे ठाऊक असेल तर तीच गावाची पहिली चौकी ठरतील. त्यासाठी जैवविविधतेची व्याख्या तोंडपाठ असायची गरज नाही.

मग त्या पाच तासांत करायचे काय? प्रयोगशाळा नाही, बससाठी पैसे नाहीत, एका वर्गात शंभर-सव्वाशे मुले, आणि शिकवणारे प्राध्यापक मराठीचे किंवा वाणिज्य शाखेचे. कारण हा विषय ज्याचा कार्यभार कमी पडतो त्याच्या गळ्यात घातला जातो. ही तक्रार खरी आहे. तिच्याकडे दुर्लक्ष करून केलेला कुठलाही उपदेश पोकळ ठरेल. पर्यावरणशास्त्र शिकलेला स्वतंत्र शिक्षक कॉलेजांना मिळायला हवा आणि ती जबाबदारी शासनाची आहे. पण शिक्षक येईपर्यंत थांबायचे ठरवले तर आणखी वीस वर्षे झेरॉक्सच्या दुकानातच जातील. सुदैवाने पहिली पायरी अवघड नाही.

नुसता हिशेबच घ्या. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी पडते. एखाद्या गावाचे क्षेत्र हजार हेक्टर आणि पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटर, म्हणजे दुष्काळी पट्ट्यातला, धरला तर त्या गावावर वर्षाकाठी ५०० कोटी लिटर पाणी पडते. गावाची वस्ती दोन हजार. जलजीवन मिशनच्या मापाने माणशी रोज ५५ लिटर धरले तर वर्षभराच्या पिण्या-वापरण्याला लागतात सुमारे चार कोटी लिटर. म्हणजे पडलेल्या पाण्याचा शंभरावा हिस्सासुद्धा नाही. तरी एप्रिलमध्ये टँकर येतो. का? काही पाणी उडून जाते, काही ओढ्याने वाहून जाते, काही मातीत राहून पिकाला मिळते, काही जमिनीत मुरते आणि बोअरने उपसले जाते. कुठे किती जाते हे शोधणे म्हणजेच संसाधनांचा अभ्यास. हा हिशेब वाणिज्य शाखेचा विद्यार्थी विज्ञानाच्या विद्यार्थ्यापेक्षा चांगला मांडेल, कारण जमा-खर्च हा त्याचाच प्रांत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने असा पाण्याचा ताळेबंद मांडला आणि त्यावरून पिके ठरवली. सिंचनासाठी बोअर घ्यायची नाही असा नियमही पाळला.

दुसरे काम विहिरीचे. दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतची खोली मोजता येते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. पण प्रत्येक गावातली प्रत्येक विहीर मोजणे कुठल्याही खात्याला जमणारे नाही. कॉलेजच्या शंभर मुलांनी आपापल्या गावातली एकेक विहीर पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात मोजली, कठड्यावर कुठून मोजले त्याची खूण ठेवली आणि पुढच्या वर्षीच्या मुलांनी त्याच विहिरी त्याच खुणेपासून मोजल्या, तर पाच वर्षांत तालुक्याचा असा तक्ता तयार होईल की जो आज कुणाकडेही नाही. इथे मागच्या वर्षीची वही पुढच्या वर्षी लागेल, पण नक्कल करायला नव्हे, ताडून पाहायला.

तिसरे पाण्याच्या गुणवत्तेचे. जलजीवन मिशनमध्ये गावपातळीवर पाणी तपासायचे संच दिले गेले आणि गावातल्या महिलांना त्याचे प्रशिक्षणही ठरवले गेले. काही ठिकाणी संच वापरात आहेत, काही ठिकाणी ग्रामपंचायतीच्या कपाटात आहेत. विद्यार्थ्याने त्या बाईंसोबत बसून आपल्या घरच्या पाण्याचा एक नमुना तपासावा. संचाचा निकाल हा इशारा असतो, अंतिम निदान नव्हे. रंग बदलला तर नमुना शासकीय प्रयोगशाळेत पाठवायचा, तो कसा भरायचा, चिठ्ठीवर काय लिहायचे, हे शिकणे हाच अभ्यास. रोगनिदानाचीही रीत हीच: आधी चाळणी, मग खात्री.

यात वैद्यकीय महाविद्यालयांनी मागे राहण्याचे कारण नाही. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना आता पहिल्या वर्षापासून गावातली काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याची नोंद ठेवावी लागते. हे भावी डॉक्टर घरात जाऊन रक्तदाब, हिमोग्लोबिन, लसीकरण पाहतात. त्याच तालुक्याच्या कॉलेजातली मुले पाणी, उकिरडा, चूल, झाडे पाहतील. दोन्ही वह्या एकमेकींशेजारी ठेवल्या तर चित्र पुरे होईल. आज दोन्ही मुले एकाच गल्लीतून जातात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरने वर्षातून एकदा जवळच्या कॉलेजात जाऊन ‘या तालुक्यात कोणते आजार येतात आणि ते कुठून येतात’ एवढे एक तास सांगितले, तरी पुस्तकातल्या घटकांना गावांची नावे मिळतील.

एक भीती बोलून दाखवली जाते. मुलांनी खरेच मोजायला सुरुवात केली तर नको ते बाहेर येईल. कुणाच्या कारखान्याचे सांडपाणी, कुणाची बेकायदा वाळू, कुणाच्या शेतातल्या दहा बोअर. संस्थाचालकांना हे परवडेल का? प्रश्न रास्त आहे. म्हणून पहिली अट ही की मुलांना तपास अधिकारी करायचे नाही. त्यांनी मोजावे, नोंदवावे, तारीख घालावी. आरोप करू नयेत. दुसरी अट, जोखमीच्या जागी, खोल पाण्यात, रसायनांच्या नाल्यात मुलांना उतरवू नये. या दोन अटी पाळूनही पुष्कळ काम उरते. आणि आकडा समोर असला की त्यावर काय करायचे हे ठरवणे गावाचे काम आहे, विद्यार्थ्याचे नव्हे.

त्यासाठी वही कॉलेजच्या रद्दीत जाता कामा नये. २००२च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितले आहे. ही पद्धत घडवताना माधव गाडगीळ यांनी कॉलेजांतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांना सोबत घेतले होते. गावातल्या जाणत्या माणसाला विचारायचे, लिहून घ्यायचे आणि लिहिलेले गावाला परत द्यायचे, हे त्यामागचे सूत्र. तेच क्षेत्रकार्याला लावता येते. १ मे रोजी ग्रामसभा असते. पाण्याची ओढ नेमकी तेव्हाच सर्वांत जास्त असते. गावातल्या मुलाने किंवा मुलीने पाच मिनिटे उभे राहून आपली विहीर किती खाली गेली आणि पाण्याच्या तपासणीत काय आढळले, एवढे वाचून दाखवावे. पंचवीसपैकी दहा गुण या वाचनाला ठेवावेत आणि त्यावर सरपंचाची किंवा ग्रामसेवकाची सही घ्यावी. झेरॉक्सच्या दुकानात ती सही मिळत नाही.

यामुळे लगेच रुग्णालये ओस पडतील असे कुणी समजू नये. फ्लोराइडचे पाणी बदलायला नळयोजना लागते, गिधाडे परत यायला दशके लागतात, जंगल उभे राहायला त्याहून जास्त. पण डॉक्टरकडे येणारा रुग्ण हा बहुतेकदा साखळीचा शेवटचा दुवा असतो आणि तिथे करता येते ते थोडेच. आधीचे दुवे ओळखणारी माणसे डॉक्टरांपेक्षा संख्येने कितीतरी जास्त आहेत. दरवर्षी लाखोंनी पदवीधर होऊन ती गावाशहरांत परत जातात. त्यांच्यापैकी त्या यवतमाळच्या मुलासारख्या एकाने जरी घरी जाऊन ‘या बोअरचे पाणी धाकटीला देऊ नका, जुन्या विहिरीचे तपासून घेऊ’ असे म्हटले, तर त्या मुलीचे दात वाचतील. पंचवीस गुण त्यालाच द्यावेत.